पडद्यावरची समई

“पण बुवा, चूक आहे तरी कुठे? मला दाखवा ना.”

“दाखवू कशी? मी ती पाहिलेली नाही… ऐकली आहे.”

सप्ताहाचा सहावा दिवस होता, दुपारची वेळ. नदीच्या वळणावरचा तो लहानसा मठ उन्हात डोळे मिटून बसल्यासारखा भासत होता. सभामंडपात वीणेकरी मंद पावलांनी मागेपुढे होत होता, आणि वीणेचा झंकार धुपाच्या वलयांसारखा खांबाखांबांतून तरंगत होता.

मठाचे चिंतामणबुवा ओसरीवर तुळशीची पाने निवडत बसले होते. त्यांच्या समोर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, श्रीहर्ष कुलथे.

श्रीहर्ष पुण्याचा संगणक अभियंता. मोठमोठ्या कंपन्यांची संकेतस्थळे त्याच्या हातून उभी राहिली होती, आणि त्याची बोटे ते विसरत नसत. तीन वर्षे तो या मठात येत होता. बुवांच्या हातून तुळशीची माळ मिळावी, एवढेच त्याचे मागणे होते. बुवांनी दोन वेळा “अजून नाही” म्हटले.

या वर्षी मात्र म्हणाले, “सप्ताहात वीणेचा पहारा तू सांभाळ. वीणा टेकली नाही, तर काल्याच्या सकाळी पाहू.”

वीणेचा पहारा हा या मठाचा श्वास आहे. सात दिवस आणि सात रात्री वीणा भूमीला टेकत नाही. दोन दोन तासांनी ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पायांना हात लावतो, घेणारा देणाऱ्याच्या. एकशे अकरा वर्षांत त्या वीणेला मातीचा स्पर्श झालेला नाही.

पूर्वी पहाऱ्याची नावे एका दगडी पाटीवर खडूने लिहीत. श्रीहर्षने ती पाटी खिळ्यावरून उतरवली आणि एक संकेतस्थळ घडवले. भाविकाने आपल्या फोनवरून नाव नोंदवावे; पाळीच्या तासभर आधी त्याला निरोप जावा; आणि ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याचे नाव मंडपातल्या मोठ्या पडद्यावर उजळावे.

चौऱ्याऐंशींपैकी त्र्याऐंशी पहारे दोन दिवसांत भरले. काल्याच्या पहाटेचा शेवटचा पहारा तेवढा नोंदणीत दिसला नाही. तो पहारा संपला की वीणा बुवा स्वतः आपल्या गळ्यात घेतात. तो श्रीहर्षने नोंदणी उघडण्यापूर्वीच स्वतःच्या नावे करून ठेवला होता.

“काय ऐकलेत, बुवा?”

“पहाटे पाचला काकड्याची घंटा होते. ती झाली की वीणेवरचा हात म्हातारा होतो. अर्ध्या तासाने पुन्हा तरुण होतो. पाच पहाटा हेच चालले आहे.”

श्रीहर्षला हसू आवरले नाही.

“हाताचे वय ऐकू येते?”

“संसारात होतो तेव्हा टेलिफोनचा लाइनमन होतो रे. खांबाला कान लावायचा… तार कुठे दुखते ते कळायचे.”

“इथे तारा नाहीत, बुवा. हे पाहा, प्रत्येक बिघाडाची आपोआप नोंद होते. पाच दिवसांत एकही नाही.”

“ही नोंद कोण करतो?”

“मी लिहिलेला प्रोग्रॅम.”

“म्हणजे तुझ्या चुकीचा साक्षीदारही तूच.”

श्रीहर्षने नोंदींची यादी पुन्हा वरपासून उघडली.

बुवांनी एक किडके पान वेगळे काढले, उन्हाकडे धरून पाहिले आणि बाजूला ठेवले.

“पाच ते साडेपाच पडद्यावर कोणाचे नाव असते?”

“पाच ते सातचा पहारा ज्याचा, त्याचे.”

“मी विचारले, काय असते. काय असायला हवे, हे नव्हे.”

श्रीहर्षने मंडपातल्या पडद्याचे चालू पान उघडून त्याला पहाटेची वेळ देऊन पाहिली. पडदा क्षणभर थरथरला. मग काळ्या पार्श्वभूमीवर एक समई उमटली. पाच वाती, मंद पिवळा प्रकाश. नाव नव्हते.

“ही समई…” तो हळूच म्हणाला.

“हो, हीच. फार गोजिरी आहे. काकड्याला येणारे सगळे तिला हात जोडतात. मीही जोडले.”

“बुवा, ती… देवाची नाही.”

“मग?”

“बिघाड झाला की ती दिसते. यादीत नाव सापडले नाही, तर लोकांसमोर लाल अक्षरांत चूक झाल्याचा संदेश येऊ नये, बरे दिसत नाही, म्हणून मीच ते चित्र घातले होते. आणि चित्र दिसले म्हणजे काम भागले, असे समजून नोंद करायचेही सोडून दिले.”

बुवा इतके हसले की मांडीवरची तुळस सांडली.

“अरे, पाच दिवस सगळे गाव तुझ्या चुकीची पूजा करते आहे!”

श्रीहर्षचे कान तापले. त्याने मान खाली घातली आणि शोध सुरू केला.

ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवर होते, ते दुसरीवर आले. मंडपात वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. लॅपटॉपवरच्या ओळी एकामागून एक वर सरकत राहिल्या, संथ पाण्यावरून फुले वाहत जावीत तशा. बुवा सांडलेली पाने पुन्हा एकेक करून वेचत होते.

“माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत तर सगळे बरोबर चालते आहे,” श्रीहर्ष मध्येच पुटपुटला.

“वीणा तुझ्या लॅपटॉपवर उभी आहे का?”

…तो पुन्हा ओळींत उतरला.

आणि मग त्याला ती दिसली.

“सापडली! बुवा, सापडली. आपला दिवस पाचला काकड्याने सुरू होतो, म्हणून पडदा पाचला कालची यादी मिटवतो. आजची यादी मात्र ज्या यंत्रावर ठेवली आहे ते परदेशात आहे. त्याचे घड्याळ मी आपल्या वेळेला लावलेच नाही. त्याची मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात. तोवर त्याच्या लेखी आपला दिवस उजाडतच नाही.”

“म्हणजे काल मिटला आहे, आज उघडलेला नाही…”

“मधला अर्धा तास कोणाचाच नाही. पाचच्या वीणेकऱ्याला निरोपही साडेपाचलाच जातो.”

“आणि तुझ्या लॅपटॉपवर?”

“त्याचे घड्याळ आपलेच आहे. म्हणून तिथे चूक दिसली नाही.”

त्याने एक ओळ लिहिली. पुन्हा पहाटेची वेळ देऊन पाहिली. समई आली नाही, नाव आले. त्याने लॅपटॉप बुवांकडे वळवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुने तेज परतले.

“एका ओळीचे काम होते. झाले.”

“पाच पहाटा अर्धा अर्धा तास वीणा कोणाच्या नावावर नव्हती,” बुवा म्हणाले. “ती टेकली का?”

“नाही.”

“मग?”

“कोणीतरी घेतली असणार.”

“कोणीतरी…” बुवांनी तो शब्द तोंडात घोळवला. “हे नाव आहे तुझ्या यादीत?”

“नाही, बुवा.”

“उद्या पहाटे पाचला मंडपात येऊन खांबाशी बस.”

“आता कशाला? चूक तर गेली.”

“म्हणूनच.”

*

पहाटे धुके नदीवरून उठून मंडपात आले होते. खांब अर्धे दिसत, अर्धे नसत. गाभाऱ्यातली खरी समई धुक्याच्या पलीकडे कोणीतरी आठवण ठेवावी तशी तेवत होती. काकड्याला जमलेली माणसे घोंगड्या पांघरून बसली होती. वीणेच्या नादात झोप कुठे संपते आणि जागरण कुठे सुरू होते, ते कळत नव्हते.

श्रीहर्ष खांबाला टेकून बसला होता.

घंटा झाली. पाच.

पडदा उजळला. समई नव्हती. स्वच्छ अक्षरांत नाव होते: रेणुका पांगारकर. आणि रेणुकाबाई खरोखरच वेळेवर, पदर खोचून, उभ्या होत्या. चारला त्यांना निरोप पोचला होता. श्रीहर्षने समाधानाने डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

धुक्यातून आणखी एक जण येत होता.

खंडूतात्या. मठाची पाटी चाळीस वर्षे ज्यांनी लिहिली, ते. अंगावर नुकतेच पिळलेले ओले धोतर होते, खांद्यावर धुतलेले उपरणे. नदीत बुडी मारून ते थेट आले असावेत. केसांतून पाणी टपकत होते. ते वीणेकऱ्यासमोर आले आणि नेहमीचेच असल्यासारखे त्यांनी दोन्ही हात वर केले.

वीणेकरी बळीराम गवळी, रोजचा तीन ते पाचचा. त्याने वीणा गळ्यातून अर्धी काढली आणि तो थबकला. एकीकडे रेणुकाबाई, एकीकडे तात्या. त्याने पडद्याकडे पाहिले.

तात्यांनीही पाहिले. नाव वाचले.

हात क्षणभर तसेच राहिले… मग हळूहळू खाली आले.

ते हसले. मागे सरले. बळीरामाने वीणा रेणुकाबाईंच्या गळ्यात घातली, तेव्हा तात्यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला, वीणेला नमस्कार केला, आणि गाभाऱ्याशी जाऊन समईची वात सारू लागले.

श्रीहर्ष उठून त्यांच्याजवळ गेला.

“तात्या, तुम्ही रोज येत होता?”

“यायचो की. आज उशीर झाला वाटतं मला.”

“उशीर नाही झाला.”

“मग बरं.”

“तुम्ही नाव का नोंदवले नाही?”

“गेलो होतो. मठात नोंदीला मदत करायला बसल्या होत्या त्या बाईंनी फोनचा नंबर विचारला. म्हटलं, फोन नाही बाई आपल्याकडं. तर म्हणाल्या, मग ते पुढंच जात नाही, तात्या. लई खटपट केली बिचारीनं. नाहीच गेलं.”

“मला सांगायचे ना!”

“तुला काय सांगायचं, लेकरा? पाटी उतरवलीस त्या दिवशी किती आनंदात होतास.”

वातीचा काजळलेला शेंडा तात्यांनी चिमटीने खुडला. ज्योत सरळ झाली.

“वाटलं, चाळीस वर्ष दुसऱ्यांची नावं लिहिली, दर साली एक पहारा आपलाबी लिहिला… आता पुरे म्हणत असंल देव. पण सप्ताह बसला अन् दुसऱ्याच पहाटे बघतो, तर पडद्यावर नाव नाही कुणाचं. नुसती समई. हा बळीराम वीणा घेऊन इकडंतिकडं बघतोय, कुणाला देऊ. म्हटलं, ज्याचं नाव कुठं लागत नाही, त्याचीच ही जागा दिसती. हात वर केले.”

“ती माझी चूक होती, तात्या.”

“आसंल बाबा.” तात्यांनी बोटांचे तेल केसांना पुसले. “पण लई गोड होती.”

*

बुवा मठाच्या मागे, औदुंबराखाली, सहाणेवर गंध उगाळत होते. धुके विरळ झाले होते. नदी दिसत नव्हती. तिचा आवाज तेवढा होता.

श्रीहर्ष येऊन समोर बसला. लॅपटॉप त्याने उघडला नाही.

“बुवा… तात्या.”

“हं.”

“तुम्हाला ठाऊक होते?”

“हात ओळखीचा होता.”

“मग मला ती चूक काढू का दिलीत?”

“चूक होती ना?”

सहाणेवर खोड गोल गोल फिरत राहिले.

“मी कालची ओळ परत काढून टाकतो,” श्रीहर्ष घाईने म्हणाला. “उद्याच्या पहाटेपुरती. अर्धा तास रिकामा राहील. तात्या येतील.”

बुवांचा हात थांबला.

“तात्यांना चुकीची भीक घालतोस?”

श्रीहर्षने डोळे खाली वळवले. बुवांनी पाण्याचे दोन थेंब सहाणेवर सोडले आणि पुन्हा उगाळू लागले.

मंडपातून रेणुकाबाईंचा स्वर येत होता, बारीक, झोपेतून उठलेल्या मुलाच्या हाकेसारखा.

“बुवा, एक सांगायचे आहे. उद्याचा शेवटचा पहारा… मी नोंदणी उघडण्याआधीच तो माझ्या नावाने बंद केला होता. कोणाला दिसू नये अशी सोय केली होती. वीणा तुमच्या गळ्यात घालताना माळ मिळावी, असे मनात होते.”

बुवांनी सहाणेवरून मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

श्रीहर्षने लॅपटॉप उघडला. आपले नाव खोडले. त्या जागी सावकाश, एकेक अक्षर करीत, लिहिले: खंडू मारुती लोहकरे.

यंत्राने ते घेतले नाही.

लाल अक्षरे उमटली. त्याने ती स्वतःच लिहिली होती, सहा महिन्यांपूर्वी, एका वातानुकूलित खोलीत, कॉफी पीत. ‘फोन क्रमांक आवश्यक आहे.’

तो त्या ओळीकडे पाहत राहिला.

“काय म्हणते ते?” बुवांनी विचारले.

“पुढे जात नाही, म्हणते.”

“कोण अडवते?”

“मी.”

खोडाचा गोल गोल आवाज तेवढा येत राहिला.

श्रीहर्ष त्या सक्तीपाशी गेला आणि तिने जिथून जन्म घेतला होता तिथून ती काढून टाकली. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी एक जागा केली. समईचे चित्र राहू दिले, पण त्याखाली लिहिले: ‘येथे कोणाचे तरी नाव राहिले आहे.’ आणि अशा वेळी आपल्या फोनवर घंटा वाजावी, अशी व्यवस्था केली. मग तात्यांचे नाव पुन्हा घातले.

या वेळी ते गेले.

“लागले, बुवा. उद्या पाच ते सात, खंडूतात्या.”

“बरे झाले.”

“पण…” श्रीहर्ष थांबला. “निरोप जाणार नाही. त्यांच्याकडे फोन नाही.”

“निरोप किती वाजता जातो?”

“तासभर आधी. चारला.”

“तात्यांचे घर ओढ्यापलीकडे आहे. बाभळीपाशी.”

“मला ठाऊक नव्हते.”

“तीन वर्षे येतोस तू.”

धुके फिटले होते आणि नदी आता दिसत होती, इतकी स्थिर की ती वाहते की नुसती आठवते आहे, ते सांगता आले नसते.

त्याने लॅपटॉप मिटला.

“मी जाईन. चारला.”

“हं.”

तो उठला. चार पावले गेला. गाभाऱ्याच्या कोनाड्यात तांब्याच्या ताटलीत तुळशीची माळ ठेवलेली होती. मठाच्या मागच्या दारातून ती दिसत होती. तो वळला.

“आणि माळ, बुवा?”

बुवांनी सहाणेवरचे गंध बोटाने एकत्र केले. अंगठ्यावर घेतले. उठून आले आणि त्याच्या कपाळावर एक उभी रेघ ओढली. ती ओली, थंड होती…

“ओढ्याला पाणी आहे,” ते म्हणाले. “चपला काठावरच काढ.”